काहिलीतला साक्षीदार

मासा घरी आणायचा नव्हताच. तो पकडायचा, सम्राटला दाखवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, एवढ्यासाठी तौसीफ इचलकरंजीहून निघून राधानगरीच्या पुढच्या त्या ओसाड तलावावर आला होता. आणि ज्या माणसानं त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं, तोच माणूस त्याच्याबरोबर पाण्यात उतरणार होता!

झालं होतं असं. गेल्या हिवाळ्यात याच तलावात तौसीफच्या गळाला एक महाशीर लागला. लहान पोराच्या उंचीचा, तळहाताएवढ्या खवल्यांचा, शेपटीच्या वरच्या टोकाला खाच पडलेला. तौसीफनं फोटो काढला, मासा सोडून दिला आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गळकऱ्यांच्या मंडळात मोठ्या कौतुकानं तो फोटो दाखवला. सगळे वाहवा करत असताना सम्राटनं मोबाईल नाकासमोर धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "एवढा मासा त्या पाण्यात न्हाईच. ह्यो एआयनं बनवलाय. माझा भाचा चा पिऊस्तोवर असलं धा काढून देतोय!"

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तौसीफच्याही आलं, पण हसून नाही. दोघं पंधरा वर्षांचे दोस्त. त्या दिवसापासून बोलणं बंद, आणि तौसीफ दिसला की कुणीतरी विचारणारच, "काय भावा, आज कॉम्प्युटरनं काय धरलं?" वर्षभर ते ऐकून त्याचे कान किटले. शेवटी मंडळाचे जुने कारभारी हंबीरराव वैतागून म्हणाले, "फोटो नगं, व्हिडिओ नगं. त्यानं मासा धरायचा आन् तू सोताच्या डोळ्यानं बघायचा. बघितलास तर सगळ्यांम्होरं माफी मागायची. न्हाई दिसला तर तौसीफनं परत मंडळात पाय ठेवायचा न्हाई. विषय संपला!"

तो मासा राहायचा तो कोपरा तलावाच्या पार पलीकडे, डोंगराच्या पोटात. वाट नाही, होडी नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला होडी कशाला लागते? सम्राटचं गुऱ्हाळ होतं, आणि गुळासाठी उसाचा रस आटवायची एक जुनी, लहानशी, गोल लोखंडी काहील त्यानं टेंपोत घालून आणली होती. महापुरात अख्खी कुटुंबं काहिलीत बसून बाहेर पडतात, तिथं दोन गळकऱ्यांचं काय!

काठावर हंबीरराव थांबले. त्यांनी निघताना दोघांनाही दम भरला.

"समोरासमोर बसायचं. एक हिकडं, एक तिकडं. पाण्यात असंपातूर उठायचं न्हाई, वळायचं न्हाई. एकानं अंग हलवलं की दोघंबी तळाला. कळलं?"

"मला कळतंय, अण्णा. ह्याला सांगा," सम्राट म्हणाला.

"काहील त्याची हाय, मला कशापायी सांगताय?" तौसीफ हंबीररावांकडेच बघून म्हणाला. हे त्या दोघांचं बोलणं!

काहील निघाली. पाण्यावर धुकं इतकं दाट की काठ कधी नाहीसा झाला ते कळलं नाही. बुडालेल्या जंगलाचे वठलेले बुंधे पाण्यातून वर आलेले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे पाण्याच्या जेमतेम खाली दडलेले होते. लोखंड त्यांना घासलं की कर्कश आवाज येई आणि अंगावर काटा उभा राही. सम्राट वल्हं मारत होता. तौसीफ त्याच्या तोंडाकडे बघत बसला होता, कारण दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

पलीकडच्या जमिनीवर उतरून, उभं राहून गळ टाकायचा असं ठरलं होतं. काहील टेकणार, एवढ्यात झुडपातून फुत्कार आला. कळप सोडून एकटा फिरणारा एकुलगा गवा! काळाकभिन्न, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, मान खाली घातलेली. त्यानं खुरानं चिखल उकरला आणि सरळ पाण्यातच झेप घेतली.

"मागं घे! मागं!" तौसीफ ओरडला.

सम्राटनं वल्हं रोवून काहील ढकलली. गवा पोटापर्यंत पाण्यात शिरला, थांबला आणि तिथंच उभा राहिला. जाईना, हलेना. जमिनीचा विषय मिटला. आता जे करायचं ते काहिलीतूनच.

तौसीफनं डबा उघडला. आत तीन जर्कबेट होती, म्हणजे गळाला लावायचे लाकडी मासे, सगळे त्यानंच तासलेले. इचलकरंजीत तो कापडाचे माग दुरुस्त करायचा. मागावर सूत इकडून तिकडे नेणारा धोटा मोडका मिळाला की त्याच्या टणक लाकडातून तो बोटभर लांबीचा खोटा मासा काढी, पोटात शिसं भरी आणि टबात बुडवून बुडवून बघे. तरंगला तरी नापास, बुडाला तरी नापास. पाण्यात सोडला तिथं अधांतरी थांबला पाहिजे. पिवळाजर्द त्यानं बाजूला ठेवला. तो गढूळ पाण्याचा. लाल पोटाचा उन्हातला. आज पाणी नितळ आणि बर्फासारखं गार होतं, म्हणून त्यानं फिका चंदेरी घेतला.

पहिल्यांदा त्यानं गळ काहिलीच्या बगलेला फेकला आणि झटका दिला. काहील गरकन फिरली! दुसरा झटका, पुन्हा गिरकी. जर्कबेटला झटके तर हवेतच. दोन झटक्यांत तो जखमी माशासारखा डावी-उजवी उसळतो आणि मग थांबतो. सगळी मेख त्या थांबण्यात असते. गार पाण्यातला मोठा मासा पळत्या खाद्यामागं लागत नाही. तो बघत राहतो, आणि ते थांबलं की घाला घालतो. पण इथं काहीलच थांबेना.

"डोस्क्यावरनं टाक," सम्राट तिसरीकडे बघत गुरगुरला. "सरळ रेषेत वढलं की फिरायची न्हाई. मासा लागला की मी काहील फिरवून आडवी धरतो, मग बसल्या जागी बघतो तुझा कॉम्प्युटर."

तौसीफनं सम्राटच्या डोक्यावरून गळ फेकला. तीक्ष्ण आकडे त्याच्या कानाजवळून सूं करत गेले. सम्राटनं डोळाही मिटला नाही. झटका, झटका... थांबा. झटका, झटका... थांबा. प्रत्येक झटक्याला सम्राट वल्हं टेकवून काहील धरी आणि थांबताना हात सैल सोडी. न बोलता दोघांची लय जुळली, आणि तौसीफला त्याचाही राग आला. एवढं नीट जमतं, तर या माणसानं आपलं वाटोळं का केलं?

धुकं विरलं आणि घाटावरून वारा सुटला. बघता बघता लाटा उठल्या. एका लाटेनं काहील उचलली आणि दडलेल्या बुंध्यावर आदळली. खण्ण!

जुन्या काहिलीला सम्राटच्या बुडाखाली डांबरानं बुजवलेलं एक भोक होतं, ते उघडलं. कारंजं उडावं तसं पाणी आत आलं. त्यानं वल्हं आत टाकून भोकावर गुडघा दाबला आणि एका रिकाम्या डब्यानं पाणी उपसायला सुरुवात केली.

"गुंडाळ तुझं! गुंडाळ लवकर!"

तौसीफ ऐकत नव्हता. त्यानं झटका दिला आणि थांबला. या सगळ्या गोंधळात तो थांबला! एक श्वास. दोन. तीन.

आणि पाणी फुटलं.

काठी अर्धी वाकली. रीळ किंचाळलं. काहील वाऱ्याच्या उलट्या दिशेनं ओढली जाऊ लागली. सम्राटच्या पाठीमागं, पाच हातांवर, तो वर आला. तळहाताएवढे खवले, सोनेरी कूस, आणि हवेत उठलेली ती शेपटी. वरच्या टोकाला खाच!

"त्योच हाय!" तौसीफचा आवाज फाटला. "खाच हाय शेपटीला! त्योच!"

"खरंच हाय?" सम्राटचा चेहरा बदलला. गुडघा उचलून तो वळू लागला. त्याच्या बाजूचा काठ खाली गेला आणि एक आख्खी लाट आत आली.

तौसीफला क्षणभर फार मोह झाला. एकदा मागं बघितलं की संपलं! वर्षाची बदनामी धुऊन निघेल. वळू दे त्याला. एकदाच. पण सम्राटला पोहता येत नाही, हे पंधरा वर्षांच्या दोस्ताला माहीत होतं.

"वळू नगंस!" तो गरजला. "गुडघा दाब! वळलास तर मरशील!"

"आन् मासा?"

"गेला उडत मासा!"

त्यानं कमरेचा चाकू काढला आणि गळाचा दोर कापला. काठी ताडकन सरळ झाली. मागं एक मोठा भोवरा उठला आणि विरून गेला. त्यानं वल्हं उचललं. मग दोघांनी क्षणभरही दम खाल्ला नाही. सम्राट पाणी उपसत होता, तौसीफ वल्हं मारत होता, आणि दोघंही एकमेकांना यथेच्छ शिव्या देत होते. अलीकडचा काठ हाताशी आला तेव्हा काहील कडेपर्यंत भरली होती. दोघं छातीभर पाण्यात पडले. काहील तळाला गेली आणि दोघं चिखलात रांगत बाहेर आले.

हंबीरराव धावत आले. दोघं जिवंत आहेत हे बघून त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"काय रं सम्राट, मासा बघितलास?"

सम्राट थंडीनं कुडकुडत होता. "न्हाई," तो म्हणाला. "माझी पाठ हुती."

तौसीफनं डोळे मिटले. झालं. मंडळही गेलं आणि अब्रूही गेली.

"वळून बघायचं की मग!"

"ह्यानं वळू दिलं न्हाई."

"वळू दिलं न्हाई?" हंबीररावांनी भुवया चढवल्या. "लेका, खोटारडा माणूस बी हेच म्हटला असता!"

"व्हय, म्हटला असता," सम्राट उठून बसला. "अण्णा, काहील वाऱ्याच्या उलटी चालली हुती. ती मी वढत नव्हतो. आन् ह्याचं तोंड माझ्या म्होरं हुतं. पंधरा वर्सं बघतोय मी ते तोंड. उद्या मंडळात मी उभा ऱ्हातो आन् सांगतो. मासा मी बघितला न्हाई. पण मासा हाय. शेपटीला खाच हाय. तौसीफ म्हणतोय म्हंजे हाय!"

 या दिवसासाठी तौसीफनं वर्षभर एक-एक जळजळीत वाक्य मनात तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एकही त्याला आठवेना.