या जेवायला

पालकाची जुडी आणायला मी मार्केट यार्डात गेले होते, एवढंच. बाबांना एकटं सोडायचं नाही हे मला कळत होतं, पण पालक काही आपल्या पायांनी येत नाही.

स्कॉटलंडला त्यांना मीच नेलं. आई गेल्यापासून ते भिंतींशी बोलत. सेंट अँड्र्यूजचं पडकं कॅथेड्रल त्यांनी मन लावून पाहिलं, जवळच्या क्रेल गावातल्या जुन्या दगडी घरांचे फोटो अख्ख्या सोसायटीला पाठवले. पुढे किनाऱ्यालगत कोळ्यांची एक ओसाड वस्ती लागली. छपरं नाहीत, नुसत्या भिंती. तिथेच बसून आम्ही दशम्यांचा डबा उघडला. बाबांनी समोरच्या पडक्या दाराकडे पाहून सवयीने हाक दिली, "या जेवायला!"

दारात कोणीच नव्हतं.

"कोणाला बोलावताय, बाबा?"

"अगं, ती टोपलीवाली बाई. बघत होती... आपण खात असताना विचारू नये का?"

पुण्यात परतलो आणि जेवणाच्या वेळी घरात मासळीचा वास येऊ लागला. आमच्याकडे कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. आईच्या खुर्चीखाली पाणी साचे, खारट. बाबा तिथे दुसरं ताट वाढत, आणि माझी पाठ वळली की ते चाटूनपुसून रिकामं होई. मी चिडले, रडले. बाबा म्हणत, "बोलावलेल्या माणसाला पानावरून उठवतात का?" स्वतः मात्र वाळत चालले होते. आई गेली होती. बाबांना मी जाऊ देणार नव्हते.

तर मी पालक घेऊन आले. बाबा मे महिन्याच्या उकाड्यात स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले.

"कुठे निघालात?"

"तिचं बोलावणं आलंय. रोज तीच येते... आपणही एकदा जायला हवं ना?"

मी त्यांना आतल्या खोलीत निजवलं. बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि तशीच एका हाताने भाजी केली. ताट वाढून हाक मारली, "बाबा, या जेवायला."

 ते आतल्या खोलीच्या दारात आले. कितीतरी दिवसांनी चेहरा तृप्त दिसत होता.

"नको गं... आत्ताच जेवून आलो. उद्या तुलाही घेऊन ये म्हणालीय."

किल्ली माझ्या मुठीतच होती. बाबांचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, आणि बोटांच्या बेचक्यांत करडी वाळू.