एका दाताची खूण

मी थापाडी आहे, हे आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडल्याची गोष्ट माझीच. पण ही थाप नाही. पाहिजे तर माझ्या बहिणीला, मेर्लला विचारा. ती अजून कासव खात नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातला आमचा पाणथळ मुलूख. गेल्या ऑक्टोबरातला शनिवार. भर दुपार.

आईने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. एकच घोकत होती, कासव आणा.

बाकीची तळी रानडुकरांनी उकरून फस्त केलेली. कासवं उरली होती फक्त एका तळ्यात...

आणि ते बंद होतं.

आईची मोठी बहीण, आमची थोरली आई, त्याच काठावर वारली होती. तिचं नाव मी घेणार नाही, गेलेल्यांचं घेत नाहीत. धुरी देऊन जागा मोकळी होईपर्यंत तिथे शिकारही करत नाहीत. धुरीला अजून महिना होता.

आईकडे महिना नव्हता.

"थोरली आई काय सख्ख्या बहिणीला उपाशी मारेल?" मेर्ल म्हणाली. "चल गं, थापाडे."

गेलो. सुकत आलेल्या चिखलात सळई खुपसत चाललो. चिखलात दडलेल्या कासवाच्या कवचाला लागली की टक वाजतं.

आधी जाणवलं ते एवढंच... माश्या नव्हत्या. ऑक्टोबरात आमच्याकडे माश्या नाकातोंडात शिरतात. तिथे एकही नाही.

मग मेर्लची सळई वाजली. टक.

समोरच्या काठावरून... टक. टक.

असं दोनदा फक्त थोरली आई ठोकायची.

समोर कोणी नव्हतं.

"ऊन लागलंय तुला," मेर्ल म्हणाली. पण खणताना तीच सारखी समोरच्या काठाकडे बघत होती.

कासव निघालं ते भलतंच जड. तिथेच जाळ केला, निखाऱ्यांवर उताणं टाकलं. तासभर भाजलं. पोटाचं कवच उचकटलं...

आत थंडगार.

ना मांस, ना अंडी, ना ती हिरवट चरबी. नुसता काळा, बुळबुळीत चिखल आणि सडक्या तोंडाचा वास. मेर्लने बोटांनी उकरलं. हाताला तंबाखूची गोळी लागली. राखेत घोळलेली, चघळलेली, लाळेने अजून कोमट.

तिच्यावर दाताची खूण. एकाच दाताची.

थोरली आई अशीच गोळी चघळायची. आणि तिला एकच दात होता.

मेर्ल तिथेच ओकली. सगळं टाकून आम्ही पळालो.

घरी आई उठून बसली होती. हनुवटीवरून हिरवट चरबी ओघळत होती. पुढ्यात रिकामं कवच.

"एवढा उशीर?" बोटं चाटत ती म्हणाली. "ताई केव्हाच देऊन गेली. गरम गरम."

पुढे धुरी दिली. आई आता बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. दातही सगळे शाबूत आहेत तिचे.

पण जन्मात तंबाखूला न शिवलेली माझी आई रोज सकाळी डब्यात गोळी थुंकते.

डबा मी धुते. डोळे मिटून धुते.

गोळीवर किती दातांची खूण असते... ते मला बघायचं नाही.