पहिला शब्द

"आई, बाळ पाळण्यात आहे, अजून नाव ठेवायचंय... आणि तू चपला घालतेस?"

पूर्वीचा आवाज असा चढला की गुडगावच्या त्या सजवलेल्या फ्लॅटमध्ये घुगऱ्या वाटणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. कल्पनाच्या मुठीत फोन होता. नोएडाच्या स्टुडिओतून निरोप आला होता, हरीशचा सीन वेळेआधीच, आत्ताच घ्यायचा ठरला होता.

"बाबांचा शॉट आहे गं... मला जायलाच हवं."

"बाबांचा शॉट! बाळंतपणाला मला माहेरी नेलं नाहीस, डिंकाचे लाडू मी ऑनलाइन मागवले, माझ्या मुलीला पहिली अंघोळ पगारी जापेवाल्या दाईने घातली... आणि बाबा तर बारशालाही नाहीत! यार आई, तुला फक्त त्यांच्यामागे बॅग घेऊन मिरवायचंय. सेलिब्रिटीची बायको ना तू!"

खरं काय ते कल्पनाच्या अगदी ओठांवर आलं... पण शपथ आडवी आली! तिने पाळण्याकडे एकवार डोळे भरून पाहिलं. बाळाची आत्या नाव सांगायला कानाशी वाकत होती. ते ऐकण्याचंही भाग्य तिच्या नशिबी नव्हतं.

"जा बिल्कुल," पूर्वी रडत म्हणाली, "आणि परत येऊ नकोस."

मेट्रोत बसल्यावर कल्पनाला रडू येण्याऐवजी हसूच आलं. सेलिब्रिटी! तिचा हरीश म्हणजे टीव्हीवरचा सासरा, वकील, हवालदार, मरणारा बाप... चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा आणि नाव कुणालाच ठाऊक नाही. भाजीवाल्याने "अंकल, आप टीवी में आते हो ना?" एवढं विचारलं की स्वारी आठवडाभर खूश. करोल बागेतल्या गणेशोत्सवाच्या नाटकांत तो रंगमंचावर असे आणि ती विंगेत संहिता धरून उभी. प्रॉम्प्टरने फक्त पहिला शब्द द्यायचा, पुढचं नटाने उचलायचं, हा त्यांचा नेम. इतका की लग्नातला उखाणासुद्धा त्याने तिच्या पहिल्या शब्दावर उचलला होता आणि मांडव हसून लोटपोट झाला होता!

आणि मग तो दिवस आला... एका मालिकेत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेल्या हरीशच्या डोक्यातून निकालाचं भाषण पुसून गेलं. साफ गेलं! परतताना रिक्षात त्याने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कल्पना, माझी शपथ आहे तुला. कुणाला कळू देऊ नकोस. पूर्वीलासुद्धा नाही. नट संपला असं माझ्या लेकीने म्हणू नये गं..."

गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. घरी तो पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेला बसे आणि "आपण घरी कधी जायचं?" असं विचारत राही. पण सेटवर दिवे लागले, 'ॲक्शन' ऐकू आलं, की तोच जुना हरीश जिवंत होई! ते सुखही त्याच्याकडून कसं हिरावून घ्यायचं? युनिटला तिने सांगून टाकलं, यांना लांबचं ऐकू येत नाही, मी जवळ राहून शब्द देईन. देवाची दया म्हणून या मालिकेतला म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता. ती पलंगाखाली लपे आणि वाक्यावाक्याला पहिला शब्द देई. तिची कुजबुज मागाहून कापून टाकत.

पूर्वीला सांगावं असं रोज वाटे. पण हल्ली फोनवर लेकीचा आवाज ऐकून तो विचारू लागला होता, "ही पूर्वी कोण गं?" बापाच्या डोळ्यांत परकेपण पाहण्यापेक्षा लेकीने आईचा राग केलेला काय वाईट, असं म्हणून तिने सारा दोष पदरात बांधून घेतला. शपथा पाळणारी माणसं देवाला आवडत असतील, लेकरांना नाही आवडत.

पुढे बरेच दिवस पूर्वीचा फोन नाही, निरोप नाही. कल्पना मात्र नेमाने पलंगाखाली सरपटत होती. त्या दुपारी घर सोडून गेलेली मुलगी परत येते, असा सीन होता. वायरींच्या जंजाळात पालथी पडून, नाकावर चष्मा सांभाळत तिने शब्द दिला, "बिटिया..."

"बिटिया," वर हरीशचा आवाज गहिवरला, "इतनी देर कर दी आने में? मेरी आँखें तो दरवाज़े पर ही रह गईं..."

"माफ़ कर दीजिए बाबूजी! अब कहीं नहीं जाऊँगी," मालिकेतली मुलगी हुंदका देत म्हणाली.

कल्पनाला खालून फक्त पावलं दिसत. नटीच्या पैंजणांपलीकडे, कॅमेऱ्याच्या मागे, आणखी दोन पावलं उभी होती. डाव्या घोट्यावर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण... ती पूर्वी होती!

"कट!"

ती धडपडत बाहेर येईतो पूर्वी बाळाला छातीशी धरून पलंगापाशी पोचलीही होती. रागाने आली होती, जाब विचारायला आली होती...

"बाबा!"

हरीशने अदबीने हात जोडले. "नमस्ते जी. आप... प्रोडक्शन से?"

पूर्वीने आईकडे पाहिलं. गुडघ्यांवर धूळ, केसांत गालिच्याचे धागे, हातात चुरगळलेले संवादाचे कागद...

"आई... कधीपासून?"

सवयच ती... कल्पना हरीशच्या कानाशी वाकली आणि हलकेच म्हणाली, "पूर्वी..."

हरीशचा चेहरा उजळला! डोळ्यांत पाणी तरारलं. त्याने हात पुढे केला. "पूर्वी बिटिया, इतनी देर कर दी आने में? मेरी आँखें तो दरवाज़े पर ही रह गईं..."

मग मान वळवून तो बायकोला हळूच म्हणाला, "बरा झाला ना गं टेक?"

पूर्वी पलंगाशी गुडघ्यांवर बसली. मालिकेतल्या मुलीचं मघाचं वाक्य तिने ऐकलं होतं. "माफ़ कर दीजिए बाबूजी," ती म्हणाली, आणि अश्रूंनी भरलेले तिचे डोळे आईवर खिळले होते. "अब कहीं नहीं जाऊँगी... आई, मला का नाही सांगितलंस गं?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि ते तुला असं 'नमस्ते' म्हणताना... मला बघवलं नसतं, बाळा!"

मायलेकी किती वेळ बिलगून रडल्या असत्या कोण जाणे, पण सेटवर रडायलाही वेळ ठरलेला असतो. "अगला शॉट! आंटी, रेडी?" अशी हाक आली.

कल्पना दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकू लागली, तेव्हा पूर्वीने तिला धरलं. बाळ तिच्या कुशीत दिलं.

"मयुरा नाव ठेवलंय. तू ऐकलंच नाहीस ना?" असं म्हणून तिने आईच्या हातातले कागद घेतले आणि ओढणी खोचून ती स्वतःच पलंगाखाली शिरली.

हरीश कासावीस झाला. त्याने उशीवरून मान उचलली. "खाली कोण आहे?"

कल्पनाने मयुराला घट्ट धरलं. पूर्वीचं नाव घ्यावं की न घ्यावं, तिला कळेना.

"तुमची प्रॉम्प्टर," खालून पूर्वी म्हणाली.

"मग ठीक," असं म्हणून हरीशने निर्धास्तपणे मान खाली टेकली आणि पहिल्या शब्दाची वाट पाहू लागला.