स्टेशनच्या रस्त्यावरची फुली

मठाच्या उतारावर मी ब्रेक लावत नसे. लावून उपयोगही नव्हता म्हणा... तो उतार इतका उभा, की गोगलगायीसुद्धा पाठीवरचं घर घट्ट धरून उतरायच्या. त्या सकाळी पाऊस थांबून नुकतं कोवळं ऊन पडलं होतं, आणि मी सायकलवरून अशी सुटले होते की माझी सावली मागे राहून धापा टाकत होती. वळण आलं — आणि वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, एक माणूस उकिडवा बसलेला. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात ब्रश. ओला रस्ता पुसून कोरडा करायचा आणि त्यावर पिवळा बाण काढायचा, असं त्याचं शांतपणे चाललेलं.

"बाजूला व्हा," असं मी म्हणाले. त्याचं म्हणणं, मी नुसतीच किंचाळले.

तो हलला नाही हो. आधी बाणाचं टोक पुरं केलं, मग मान वर केली. तोवर मी त्याच्या कानाजवळून, बाणावरून, थेट पलीकडच्या खाजऱ्या झुडपांत. आता हात देईल, लागलं का विचारेल... तर हा माझ्या मागच्या चाकाकडे बघतोय.

"बाण फिसकटला," तो म्हणाला.

"मीही फिसकटलेय," मी म्हणाले.

तेव्हा तो हसला. म्हणजे ओठाचा एक कोपरा जरासा हलला. त्याचं हसणं एवढंच असतं हे मला पुढे कळलं, पण त्या एवढ्याशा हसण्याने मी झुडपांची खाज विसरले. मी सायकल उचलली आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. बरं, एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात. हातात टर्पेंटाइनची बाटली.

"माझा पत्ता कोणी दिला?"

त्याने रस्त्याकडे बोट केलं. माझं चाक एवढा रंग प्यायलं होतं की मठापासून आमच्या दारापर्यंत दर फेऱ्याला एक पिवळा ठिपका उमटला होता. बाजारातून, चर्चसमोरून, न्हाव्याच्या दुकानावरून... सगळ्या गावाला कळेल अशी वाट. हा त्या ठिपक्यांमागून आला होता, चाक पुसायला.

माझी तेरेज मावशी शेळ्यांचं चीज करायची. इतकं उग्र, की पोस्टमन आमची पत्रं शेजारच्या घरी टाकायचा. ती कोठीतून डोकावली आणि म्हणाली, "चाक पुसायला आलाय, की चाकावरची बघायला आलाय?"

त्याचे कान लाल झाले. पण नाही म्हणाला नाही.

त्याचं नाव आन्सेल्म. मठाच्या दुरुस्तीवर पाथरवट होता. एक दगड दिवसभर तासायचा, आणि मनासारखा बसला नाही तर काढून पुन्हा तासायचा. शिवाय यंदा आमच्या सायकल क्लबचे बाण तोच काढत होता. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी क्लबची फेरी निघते... कालव्याच्या काठाने मठ, मग रोमन लोकांचं पडकं नाट्यगृह, मग खंदकाचा किल्ला, आणि परत गावात बटाट्याच्या पोळीवर ताव. वाट दाखवायला रस्त्यावर खुणा असतात. वळायचं तिथे बाण. चुकीच्या रस्त्यावर थोडं पुढे फुली, म्हणजे चुकलेल्याला कळावं आणि त्याने मागे फिरावं. आणि जिथे फेरी संपते तिथे गोल. पाऊस खुणा धुऊन नेतो, म्हणून त्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात, आणि म्हणूनच आमच्याकडच्या माणसांना सवय — सगळ्यात ताजा बाण दिसेल त्याच्यामागे जायचं. विचार करायचा नाही.

आणि नेमक्या त्याच सोमवारी, सकाळच्या गाडीने, मी गाव सोडणार होते.

समुद्रकाठी, ला रोशेलला, होड्यांची शिडं शिवण्याच्या कारखान्यात मला काम मिळालं होतं. मी तोवर समुद्र बघितलाच नव्हता. माझ्या पायाला भिंगरी होती लहानपणापासून. जेवतानासुद्धा टेबलाखाली पाय हलत राहायचे आणि मावशीचं सूप सांडायचं. बॅग भरून झाली होती. मन मात्र... कधी वाटायचं, उद्याच गाडी असती तर बरं. कधी वाटायचं, तो सोमवार उगवूच नये.

कारण तोवर मी रोज संध्याकाळी आन्सेल्मच्या रंगाचा डबा सायकलला लटकवून त्याच्याबरोबर हिंडायला लागले होते. मी पुढे, तो मागे. मी टेकडीवर पोचून, खाली येऊन, पुन्हा वर गेले तरी तो अजून पहिल्याच वळणावर, बाण सरळ आलाय का बघत.

"एवढं काय त्यात? बाणच तर आहे."

"तुम्ही बघत नाही बाणाकडे, म्हणून झुडपात जाता."

"आणि तुम्ही बाणाशिवाय कशाकडे बघत नाही."

यावर तो खाली वाकून ब्रश धुवायला लागला. ब्रश स्वच्छच होता.

एकदा किल्ल्याजवळ पावसाने गाठलं. आम्ही जुन्या कबुतरखान्यात शिरलो. गोल बुरूज, आत भिंतभर रिकामे खण. त्याच्या बाहीतून पाणी गळत होतं, माझ्या केसांतून गळत होतं, आणि वर एक कबूतर आमच्याकडे असं बघत होतं जसं काही आम्हीच तिथे उशिरा आलोय. तो भिंतीवरून हात फिरवत होता. म्हणाला, हे दगड बसवणारा माणूस घाईत नव्हता. मी म्हणाले, त्याची गाडी सुटणार नसेल.

पाऊस पडतोय. माझे पाय एका जागी राहीनात.

"एक काम करा," मी शेवटी म्हणाले, हसत हसत, म्हणजे थट्टा वाटली तर थट्टा. "रस्ता बरोबर की चूक हे तुम्हीच ठरवता ना? मग स्टेशनच्या रस्त्यावर एक फुली मारा माझ्यासाठी... मी बघेन, आणि मागे फिरेन."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या भुवईवर पिवळा रंग होता. मी पुसायला हात उचलला आणि... तसाच खाली घेतला.

"खोटी फुली मारता येत नाही," तो म्हणाला.

बस. एवढंच. घरी आल्यावर मी बॅग उपसली आणि पुन्हा भरली. मावशी म्हणाली, "पाथरवट आहे पोरी, बोलणारही तासून तासूनच. तुझी गाडी काही थांबायची नाही तेवढी."

सोमवारी पहाटे पाऊस येऊन गेलेला. मी बॅग सायकलला बांधली, मावशीने चीजचा पुडा कोंबला, आणि निघाले. कालव्याच्या पुलापाशी रस्ता फुटतो. उजवीकडे मठ, डावीकडे स्टेशन. माझी नजर रस्त्यावर. फुली असेल... असेलच. नाही म्हणाला होता, पण मनातून...

फुली नव्हती. डावीकडे बाण होता. ताजा, ओला, टोकदार.

पुढच्या वळणावर पुन्हा बाण. गिरणीपाशी बाण. सफरचंदाच्या बागेपाशी बाण. मला निरोप द्यायची एवढी हौस? मी असे पेडल हाणले की वाटेतल्या बदकांची पिसं उडाली. रडत नव्हते. डोळ्यांत वारा गेला होता.

फलाटावर आन्सेल्म बसला होता, बाकावर. बुटांवर रंग, मांडीवर डबा. शेजारी त्याची सायकल, सायकलला घोंगडी आणि हातोड्या-छिन्न्यांची पिशवी.

मी काही बोलणार, इतक्यात मागून घंट्यांचा कलकलाट झाला. बघते तर अख्खा सायकल क्लब. म्हातारे, पोक्त, जाडे, वाळके, सगळे पुलावर ताजा बाण बघून डावीकडे वळले होते, आणि आता सायकलींसकट फलाटावर येऊन आगगाडीच्या रुळांकडे बघत उभे होते. गर्दी इतकी, की स्टेशनमास्तरची टोपी हातोहात हमालाच्या ढकलगाडीवर पोचली.

क्लबचे अध्यक्ष मोसिए बर्तलो घाम पुसत पुढे आले. "आन्सेल्म, किल्ला कुठे गेला?"

"जागेवर आहे, मोसिए."

"मग आम्ही इथे काय करतोय?"

"हे बाण तुमच्यासाठी नव्हते."

"मग कोणासाठी होते?"

आन्सेल्मने माझ्याकडे बघितलं. सगळ्या क्लबच्या माना माझ्याकडे वळल्या. दूर गाडीची शिट्टी झाली.

"मला घालवायला एवढे बाण?" मी म्हणाले.

आन्सेल्म उभा राहिला. दगड बसवताना घ्यायचा तसा वेळ त्याने घेतला. मोसिए बर्तलोंनी घड्याळ बघितलं आणि कोणीतरी त्यांना कोपर मारलं.

"रस्ता चुकीचा असेल तरच फुली मारायची," तो म्हणाला. "तुझा रस्ता बरोबर आहे, ओदील. तू जायलाच हवंस." थांबला. तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता आणि ते त्याच्याही लक्षात आलं. "चूक माझ्या रस्त्यावर होती. तू जाणार आणि मी इथे राहणार — त्याच्यावर फुली मारली मी. तू चालणार असशील तर... मी येतो मागून."

"मागून म्हणजे?"

"सायकलने. गाडीत मला मळमळतं."

फलाटावरचा एक जण सायकल टेकवून नाक शिंकरायला लागला. मी? मी त्याच्या भुवईवरचा रंग पुसला. कबुतरखान्यात पुसायचा राहिलेला. सगळ्यांसमोर.

"मठाचं काय?"

"मठ थांबेल. त्याला सवय आहे."

मग गाडी आली, माझी सायकल मालाच्या डब्यात चढली, मी खिडकीत बसले, आणि मला अजून आठवतं, तो गाडीबरोबर पेडल मारत धावला होता... गाडीच्या पुढे गेला होता, असं मी नेहमी सांगते. तो म्हणतो, फलाट संपल्यावर गाडी निघून गेली. तुम्ही माझं ऐका.

ला रोशेलला समुद्र माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला आणि दिवस त्याहून मोठे. मी शिडं शिवायची आणि खिडकीतून रस्ता बघायची. सुई बोटात जायची. मुकादमीण म्हणायची, पांढरं शीड मागितलं होतं, ठिपक्यांचं नाही.

आणि एका दुपारी तो आला. धुळीने माखलेला, नाकाचं साल निघालेलं. कारखान्याच्या दारात सायकल टेकवली, डबा काढला, आणि माझ्याकडे न बघता रस्ता फडक्याने पुसून कोरडा केला. मी शीड टाकून बाहेर आले. तो उकिडवा बसून माझ्या पायांपुढे एक मोठा पिवळा गोल काढत होता. नीट, सावकाश, जिथून सुरू केला तिथेच नेऊन मिळवला.

"झालं," तो म्हणाला. "पोचलो."

मी त्या गोलाकडे बघितलं. मग रस्त्याकडे. रस्ता पुढे किनाऱ्याने जात होता, दीपस्तंभापर्यंत, त्याच्याही पलीकडे. माझे पाय एका जागी राहीनात.

मी त्याच्या हातातून ब्रश घेतला, खाली वाकले, आणि गोलातून बाहेर जाणारा एक बाण काढला. वाकडातिकडा.

आन्सेल्मने तो बराच वेळ निरखला. ओठाचा एक कोपरा हलला.

"टोक नीट आलेलं नाही," तो म्हणाला, आणि डबा माझ्या सायकलला लटकवला.