शेवटचा भाग कुणासंग बघितला

सेलूच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती, आणि रांगेतली पहिलीच गाडी हलायला तयार नव्हती. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले. काट्याच्या खोलीत बसून वजनाच्या चिठ्ठ्या काढणारी शालू शेवटी उठली. ओढणीवर बसलेला कापूस झटकत, उन्हातून तरातरा चालत ती त्या पिकअपपाशी गेली.

"ओ दादा, झोपलात का? काटा कवाचा रिकामा हाय."

काच खाली होती. आत एक तरुण. कानात वायरी, स्टिअरिंगला टेकवलेला मोबाईल. त्यानं तिच्याकडे न बघताच एक बोट वर केलं – थांबा.

शालूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काट्यावरच्या शालूला बोट दाखवून थांबवणारा आजवर कुणी भेटला नव्हता. ती तोंड उघडणार, एवढ्यात तिची नजर मोबाईलवर गेली... आणि तोंड तसंच राहिलं. पडद्यावर एक म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"एकशे बारावा भाग," ती हळूच म्हणाली.

आता त्यानं वर पाहिलं. एका कानातली वायर काढली आणि रोजचंच असल्यासारखी तिच्यापुढे धरली. मागे अकरा गाड्या खोळंबल्या होत्या. शालूनं वायर कानाला लावली.

'नदीकाठचं पोस्ट' ही मालिका रोज संध्याकाळी सातला लागायची. एका गावातलं छोटं पोस्ट, तिथं टपाल वाटणारी हेमा, आणि ज्यांची पत्रं ती वाटते त्या लोकांच्या गोष्टी. एकशे बाराव्या भागातले नवरा-बायको अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नसतात. एकाच घरात राहून ते एकमेकांना पत्रं टाकतात. 'आज आमटीत मीठ कमी होतं,' असली पत्रं. मग नदीला पूर येतो, पोस्ट बंद पडतं, आणि म्हाताऱ्याला तोंडानं बोलायची वेळ येते. तो दारात उभा राहतो. किती तरी वेळ उभाच राहतो. शेवटी एकच शब्द फुटतो – "मीठ?" म्हातारी मागं वळूनही न बघता डबा त्याच्याकडे सरकवते. संपला भाग.

शालूनं वायर परत दिली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रडायलात का?"

"कापूस गेलाय डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

"कापसाची गाडी हाय, मॅडम. किती जाईल त्याचा नेम न्हाई."

त्याचं नाव अंगद. गाव बोरी. घरी वडलांची, म्हणजे बापूची, मेंढरं होती. हा स्वतः कापूस करायचा आणि गावातल्या लोकांचा कापूस आपल्या पिकअपमधून जिनिंगला आणायचा. त्यामुळे चार दिवसांनी तो परत आला. मग दोन दिवसांनी. मग शालूच्या लक्षात आलं, की याची गाडी रांगेत लागली की आपला हात आपोआप केसांकडे जायला लागलाय.

"तुमाला त्यो एकशे बारावा कामून आवडतो?" एकदा त्यानं खिडकीशी उभं राहून विचारलं.

"आमच्या आबामुळं," शालू म्हणाली. "आमचे आबा मालिकांना शिव्या घालणारे. त्या दिवशी पाणी प्यायला आले आन् तांब्या हातात धरून अख्खा भाग दारातच उभं राहून बघितला. दुसऱ्या दिवशी जेवताना मायला म्हणले, 'तू जेवलीस का?' लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. माय इतकी घाबरली, म्हणाली, तब्येत बरी हाय ना तुमची?"

अंगद हसला नाही. तो ऐकत राहिला, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त आवडलं.

"आन् तुमचा?" तिनं विचारलं.

"एकसष्टावा."

"त्यात तर काईच होत न्हाई. सगळे स्टँडवर बसतेत, एसटी येत न्हाई, संपला."

"मी त्यो मेंढराच्या वाड्याजवळ बघितला, टेकडावर. तिथंच जरा रेंज लागती. बावीस मिनटाचा भाग पावणेदोन तास चालला. चक्र फिरायचं आन् चेहरा अडकायचा. हेमाचा अडकलेला चेहरा मी दहा-दहा मिनटं बघितलाय... आता डोळे मिटले तरी दिसतो."

काही कारण नसताना शालूला त्या हेमाचा राग आला. मालिकेतली बाई ती, तिचं नावसुद्धा खरं नाही. तरी चिठ्ठी देताना शालूनं ती जरा जोरातच आपटली.

मग फोन नंबर घेतले गेले. सेलूत शालू आणि बोरीत अंगद सातला टीव्हीसमोर बसायचे, आणि फोनवर एकेक ओळ इकडून तिकडे जायची. 'आता बघ, ती दार उघडणार न्हाई.' 'उघडलं की.' 'तुज्यामुळं उघडलं.' तुमीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दिवस थंडीचे होते. गोधडीत पाय घालून, फोन मुठीत धरून शालू हसायची, आणि माय म्हणायची, "रडायच्या भागात कामून हसायलीस गं?"

मालिका संपत आली. शेवटचा भाग शनिवारी होता. शुक्रवारी अंगदचा निरोप आला – 'उद्या जमायचं न्हाई. कामाला जायचंय. तू बघू नको. सोमवारी येतो, तुझ्या फोनवर दोघं मिळून बघू.'

शालूनं बघितला नाही. ही साधी गोष्ट नव्हती. शनिवारी सातला माय टीव्हीसमोर आणि शालू मागच्या अंगणात, कानात बोटं घालून. आत माय नाक ओढत होती आणि शालू बाहेर भांडी घासत होती, तीही घासलेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोघं पिकअपमध्ये बसले. एक वायर त्याच्या कानात, एक तिच्या. पहिल्यांदाच इतक्या जवळ. त्याच्या बाहीला सरकीचा वास होता आणि उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. शालूचं अर्धं लक्ष भागात नव्हतंच. भागात पोस्टमास्तर निरोपाचं भाषण करायला उभे राहिले, खिशातून कागद काढला...

आणि अंगद हसला.

मग मास्तरांनी कागद उघडला. ते भाषण नव्हतं, किराण्याची यादी होती.

शालूनं कानातली वायर काढली.

"तू हा बघितलास."

"न्हाई गं..."

"कागद उघडायच्या आधी हसलास. यादी हाय हे तुला कसं कळलं?"

अंगदनं भाग थांबवला.

"कुणासंग बघितला?" तिचा आवाज एकदम शांत झाला.

"ताडकळसला गेलतो. घरच्यांनी नेलतं. पोरगी बघायला." तो अडखळला. "पोह्याच्या वक्ताला सात वाजले. पोरगीच म्हणली, जरा थांबा, शेवटचा भाग हाय. मग सगळ्यांनीच बघितला."

"नाव काय तिचं?"

"राजनंदिनी. बाजाराच्या रस्त्याला फॉल-पिकोचं दुकान हाय तिचं."

"चांगली हाय?"

तो खोटं बोलला असता तर शालूला जमलं असतं. पण तो म्हणाला, "चांगली हाय."

"रडली का?"

"हसली."

"कुठं?"

अंगदची नजर पडद्यावर थांबलेल्या किराण्याच्या यादीकडे गेली. बोलायची गरजच नव्हती.

शालू उतरली. दार लावताना आवाजसुद्धा केला नाही.

पुढचे आठ दिवस अंगदची गाडी दिसली, की ती काट्यावरच्या चंद्रभानकाकांना खिडकीवर बसवायची आणि स्वतः आत जायची. त्याचे फोन वाजून वाजून बंद पडायचे. पोरगी बघायला गेला, ते एक वेळ समजलं असतं, घरचे नेतातच. पण ते हसणं... एका खोलीत, एका क्षणाला, दोघं एकत्र हसले होते. मास्तरांनी कागद उघडला आणि त्यानं त्या पोरीकडे बघितलं असेल. शालूनं फोनवर राजनंदिनीचा फोटो शोधून काढला. आंब्याच्या रंगाची साडी, गालावर खळी. खळी बघून तर ती जेवलीच नाही. तिनं घरी एकटीनं शेवटचा भाग लावला. किराण्याची यादी आली. शालूला हसू आलं नाही. तिला वाटलं, यात हसण्यासारखं काय होतं, एवढंच एकदा त्या पोरीला विचारावं.

आणि वाटलं ते तिनं केलं. तिची मावशी, बायनाबाई, ताडकळसलाच राहायची. बाजाराच्या दिवशी शालूनं मायची ठेवणीतली साडी पिशवीत घातली, परभणीवरून बस बदलून ताडकळस गाठलं आणि मावशीच्या घरी जायच्या आधी त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

राजनंदिनी फोटोपेक्षा देखणी होती. हे शालूला अजिबात आवडलं नाही.

"फॉल तर हाय की याला," साडी उलटून बघत ती म्हणाली.

"उसवलाय. दुसरा लावा."

मशीन चालू झाली. शालू स्टुलावर बसली. इकडचं तिकडचं बोलून तिनं विषय काढला, "ते 'नदीकाठचं पोस्ट' संपलं म्हणं."

राजनंदिनीनं मशीन थांबवली. "बघत होता का तुमी? मला तर करमतच न्हाई आता. आन् माझा शेवटचा भाग कसा बघून झाला, ऐकलं तर हसाल. मला पाव्हणे बघायला आलते त्या दिवशी."

"मग?" शालू स्टुलावर पुढे सरकली.

"पोरगं चांगलं होतं. शांत. मालिका बघणारं पोरगं कुठं मिळतंय हो? मी तर खूश. आमाला बोलायला बाहेर बसवलं तवा मी इचारलं, तुमचा आवडता भाग कोणता? म्हणला, एकशे बारावा. माझा बी तोच."

एकशे बारावा. शालूच्या मुठी वळल्या. त्याचा आवडता एकसष्टावा होता. हिच्यापुढे त्यानं शालूचा भाग नेऊन ठेवला होता.

"मी म्हणलं, कामून आवडतो? तर सांगायला लागला." राजनंदिनीला हसू आवरेना. "म्हणं एका पोरीचे वडील तांब्या हातात धरून दारात उभे राहिले, मग त्यांनी तिच्या मायला इचारलं, तू जेवलीस का. असं सांगायला लागला, जणू त्याच्या डोळ्यांसमोर झालंय. ती पोरगी सांगताना हात कसे करती, तेबी दाखवलं. दहा मिनटं बाई. मला बघायला आलेलं पोरगं, आन् गोष्ट दुसऱ्याच पोरीच्या बापाची. आता मी काय समजायचं?"

शालूनं हात पटकन मांडीवर ओढून घेतले.

"घरी सांगितलं मग, पोरगं सोन्यासारखं हाय, पण ते कुणाच्या तरी नादात हाय, आन् त्याचं त्यालाच ठाऊक न्हाई. मला न्हाई करायचं." तिनं दोरा दातानं तोडला आणि शालूकडे निरखून पाहिलं. शालूचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. "गाव कोणतं म्हणलात तुमी?"

"सेलू," शालू म्हणाली.

राजनंदिनीनं साडीची घडी घातली आणि तिच्या पिशवीत ठेवली. पैसे घेतले नाहीत. "फॉल उसवलेला नव्हता," एवढंच म्हणाली. तिच्या गालावर खळी पडली, पण हसू डोळ्यांत उतरलं नाही. शालूला कळलं, हिलाही तो पोरगा आवडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगदची पिकअप रांगेत लागली तेव्हा शालू बाहेर आली आणि पलीकडचं दार उघडून आत बसली. अंगद बघतच राहिला.

"ताडकळसला गेलते."

"कामून?"

"साडीला फॉल लावायला."

"सेलूत लावत न्हाईत का फॉल?"

"तिनं न्हाई म्हणलंय. माहीत हाय का?"

"निरोप आला परवा."

"म्हणून मला फोन करायलास व्हय?"

"मी त्याच दिवशी गाडीत बसल्या बसल्या बापूला न्हाई म्हणलो. बापूनं ताडकळस ते परभणी शिव्या घातल्या. भिवराआत्याला इचार, ती संगं होती."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"न्हाई म्हणलो हे सांगायचं, तर आधी बघायला गेलतो हे सांगावं लागलं असतं." तो स्टिअरिंगवरचा कापूस नखानं टिपत होता. "भाग तुझ्यासंगच बघायचा होता, शालू. त्या दिवशी बघितला त्यो मी मोजलाच न्हाई."

"मी मोजला," शालू म्हणाली. "आठ दिवस तेवढंच केलं."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. अंगदनं आरशात बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत आरशात.

"शालू... म्हणजे मी... तसं तुला माहीतच हाय..."

"मला काई माहीत न्हाई. ताडकळसच्या पोरीला माहीत हाय. मला तोंडानं सांग."

त्याचे कान लाल झाले. "तू आवडतीस मला. लय. रांगेत मुद्दाम मागं लागायचो, म्हणजे तू जास्त वेळ दिसावीस." त्यानं श्वास घेतला. "येत्या रविवारी बापूला घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

शालूनं लगेच उत्तर दिलं नाही. आठ दिवस त्याच्यामुळं जीव जळला होता. ती आठ सेकंद तरी घेणार होती. मग म्हणाली, "ये. आबाला आजच सांगते. आन् आमच्याकडं टीव्ही बंद राहील."

मागे आता सगळेच हॉर्न वाजायला लागले. अंगदनं घाईघाईनं गाडी काट्यावर चढवली. आतून चंद्रभानकाका ओरडले, "शालू, आधी खाली उतर. वजन चुकायलंय."

ती हसत उतरली. दोन पावलं गेली, आणि मग काही आठवून परत खिडकीपाशी आली.

"लग्नाला तिला बोलवायचं बरं का. मला आवडली ती."

"बोलवू की," अंगद खुशीत म्हणाला. "पत्रिका मी सोताच देऊन येतो."

"पत्रिका मी देईन," शालू म्हणाली. "तू ताडकळसच्या रस्त्याला दिसायचं न्हाई."