तुळशीतली वाळू

“येत नाही म्हणाल्या ना त्या? मग चल गुमान! ज्यांना आपल्यासोबत पाऊल टाकायचं नाही, त्यांच्या विनवण्या तरी किती करायच्या?” असं म्हणत स्नेहलनं ओवीचा हात ओढला, आणि ती सात वर्षांची पोर वळून वळून “मोठी आई, ये ना गं!” करत टेकडीवरच्या किल्ल्याची वाट चढू लागली.

मोनिका गाडीच्या दाराशी उभी राहून हसली. धाकट्या जावेचा शब्द काळजात रुतला होता... पण पुढच्या सीटवर सासरे, आबा, बसले होते, आणि त्यांच्यादेखत डोळे पुसायचे नाहीत हा तिचा नेम होता.

मोरे कुटुंबाची ही वर्षातली एकुलती एक सहल. थोरल्या रणजीतच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, धाकट्या अजिंक्यच्या तळवड्यातल्या आयटी कंपनीला शनिवार-रविवारची. दोघे भाऊ एका दिवशी घरी असणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग! म्हणून दर मार्चमध्ये अजिंक्य एक गुरुवार रजा टाकायचा आणि सगळे वेळासला कासवं बघायला यायचे. सकाळी किल्ला, दुपारी समुद्र, संध्याकाळी कासवांची पिल्लं.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गोजाबाई गेल्या आणि महिन्याभरात आबांच्या, बबनरावांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय गेला, बोलणंही एकेका शब्दावर आलं. त्यानंतरच्या मार्चमध्ये पहिल्यांदाच ही सहल निघाली, तेव्हा प्रश्न आला होता... आबांपाशी कोण थांबणार? जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. आयुष्यभर बैलजोडी हाकलेल्या त्या माणसानं खाली घातलेली मान मोनिकाला पाहवेना. “मीच थांबते,” ती पटकन म्हणाली होती, “मला लाटा बघितल्या की गरगरतं.”

धादांत खोटं! लहानपणापासून समुद्राच्या पाण्यात एकदा तरी उभं राहायचं हे तिच्या मनातलं एकमेव खूळ होतं. पण थाप एकदा मारली की निभवावी लागते. घरात सगळे तिला चिडवायचे, “वहिनीला समुद्राचं वावडं!” आणि चार वर्षं समुद्र तिनं पाहिला तो गाडीच्या काचेतून, सुरूच्या झाडांमधून दिसेल तेवढाच.

किल्ल्यावरून उतरल्यावर ओवीनं धनेश पक्षी दिसल्याचं दहा वेळा सांगितलं. “चोच अशी मोठ्ठी, मोठी आई!” दुपारी बाकी सगळे लाटांत भिजून आले. संध्याकाळी सहा वाजता कासवमित्र वाळूतल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पिल्लं समुद्राकडे सोडणार होते, म्हणून दोघे भाऊ जागा धरायला पुढे गेले. स्नेहल ओवीचे कपडे बदलायला थांबली.

मोनिकानं ओवीचा ओला फ्रॉक घेतला, खिसे उलटे केले आणि त्यातली वाळू लाडवाच्या रिकाम्या डब्यात झटकली. फ्रॉकची घडीही झटकली... मग डब्याला झाकण लावलं.

“हे काय करताय, ताई?”

“काही नाही गं. गाडी खराब होते.”

“तुळस,” पुढून आवाज आला. दोघी दचकल्या. बबनराव डावा हात दारावर आपटत होते. “तुळशीत... टाकती. दर साली. म्या बघतो... वट्यावरून.”

स्नेहलचा चेहरा उतरला. घरच्या तुळशीला पाणी घालणं तिचं काम. गेली तीन वर्षं सहलीहून परतलं की महिन्याभरात तुळस वाळायची. गावठाणातल्या बायका म्हणायच्या, धाकटीच्या हाताला गुण नाही. मोनिका न बोलता नवं रोप आणून लावायची, आणि ते रोप स्नेहलला टोमण्यासारखं लागायचं. मनातली अढी तिथूनच पडली होती.

“ताई... समुद्राची वाळू? तुळशीत?”

“आमच्या माहेरी नदीची घालायचे, पाण्याचा निचरा होतो म्हणून,” मोनिका चाचरत म्हणाली. “आणि... रोज सकाळी तिथं हात जोडते ना मी. वाटायचं, तेवढाच समुद्र दारात...”

“अहो, खारट असते ती! मीठच घातलंत तुम्ही तुळशीला!”

“अगं बाई!” मोनिकानं कपाळावर हात मारला. “म्हणजे तुला जे जे ऐकावं लागलं, ते माझ्यापायी?”

स्नेहल हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. “वावडं आहे म्हणालात ना तुम्ही समुद्राचं! का खोटं बोललात?”

मोनिकानं आबांकडे पाहिलं. उत्तर आबांनीच दिलं.

“मला... माहीत व्हतं,” बबनराव म्हणाले. तोंडाच्या कडेनं लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. “पयल्या दिसापून. गप ऱ्हायलो. तू गेली तर... माज्यापाशी कोन? म्या... लबाड हाय, पोरी.”

“आबा, असं नका हो बोलू!” मोनिका त्यांच्या पायाशी बसली, आणि इतक्या वर्षांचा तिचा नेम तिथंच मोडला.

स्नेहलनं पदरानं सासऱ्यांचं तोंड पुसलं आणि गाडीत चढून बसली. “उठा ताई. आबांपाशी मी आहे.”

“अगं, पण पिल्लं...”

“मी तीनदा बघितलीत. जा म्हणते ना!”

“जा,” आबा म्हणाले. तो शब्द मात्र स्वच्छ आला.

ओवी हात धरून तिला पळवतच घेऊन गेली. टोपली उचलली, खाली तीन पिल्लं होती. तळहाताएवढीसुद्धा नाहीत, पण कुणी वाट न दाखवता पाण्याकडे निघाली. त्यांच्यामागोमाग, गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपासून अंतर राखून, मोनिकाही गेली. लाट पायांवरून गेली आणि पायाखालची वाळू सरकली. खरंच गरगरलं की! ती एकटीच मोठ्यानं हसली. रणजीत लांबून बघतच राहिला. बायकोला असं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत ती परतली. गाडीपाशी येऊन तिनं साडीचा घोळ झटकला, पाय झटकले, मग डबा मागून घेतला आणि सुरूच्या बुंध्याशी पालथा केला.

“थोडी तरी ठेवा,” स्नेहल म्हणाली.

“नको गं. या वर्षी तुळस जगू दे.”

पुढच्या मार्चमध्ये गाडीत बसताना ओवीनं आधीच विचारलं, यंदा आबांपाशी कोण? अजिंक्य सोडून तिघांनी एकदम “मी” म्हटलं. बबनरावांनी मान वर केली आणि अजिंक्यकडे बोट दाखवलं. तुळस तेव्हा ओवीच्या कमरेला लागत होती.