फ्यूजच्या जागी तार

दुपारी तीनला धनराज तेजस्विनीवहिनींना घेऊन सातपूरला एका वर्कशॉपवरच्या खोलीत आला. हॅम रेडिओ क्लबचं, हौशी बिनतारी मंडळींचं, स्टेशन तिथंच होतं. वर्षापूर्वी वहिनींचे यजमान आणि धनराजचा मित्र ललित इथंच शॉक लागून गेले. त्यांनी हातानं बांधलेला ट्रान्समीटर घरी न्यायचा, एवढंच काम.

खोली बंद राहून कोंदट झाली होती. तारांवरच्या जळक्या वार्निशचा वास मात्र काल जळल्यासारखा ताजा होता.

ललित गेला त्या दिवशी रेडिओची स्पर्धा सुरू होती आणि फ्यूज सारखा उडत होता. धनराजनं वैतागून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार ठोकली. ललितला सांगितलंही नाही. जादा करंटनं रिलेचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या खटक्याचे, पॉइंट वितळून चिकटले. ललितनं स्विच बंद केला, पण आतला वीजपुरवठा तुटलाच नाही, आणि त्यानं निर्धास्त हात घातला. माणसं वर येईपर्यंत धनराजनं तार काढून खिशात घातली होती, नवा फ्यूज बसवला होता. मित्राच्या अंगाला हात लावायच्या आधी त्यानं हे केलं. शोकसभेत सगळ्यांनी, स्विच बंद करायला विसरला म्हणत, ललितच्या निष्काळजीपणावर हळहळ व्यक्त केली. तोही मान खाली घालून हळहळला.

"भाऊजी, हे स्विच बंद करायला विसरणारे नव्हते हो," वहिनी म्हणाल्या.

"घाईत होतं असं, वहिनी."

टक्.

रिलेचा आवाज. ट्रान्समीटरच्या पेटीची वायर कधीच कापलेली होती, तरी मीटरचा काटा हलला. वर, खाली, थांबून पुन्हा वर. माईकवर माणूस बोलताना हलतो तसा. आवाज कसलाच नाही. बराच वेळ कुणीतरी सविस्तर काही सांगत राहिलं. मग काटा शून्यावर आला आणि पुन्हा टक्. बोलणारा आपलं संपवून समोरच्याला बोलायला वाव देतो, तसा.

वहिनींनी वर्षानुवर्षं नवऱ्याशेजारी बसून हे पाहिलं होतं.

"आता तुमची पाळी, भाऊजी..." त्या हलकेच म्हणाल्या.

धनराज पेटीकडे बघत बोलू लागला.

"फ्यूजच्या जागी तार... मी घातली होती. आणि मीच काढली. ललितची चूक नव्हती... काहीच नव्हती."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो नजर उचलू शकला नाही. टक्. काटा सावकाश चढला, टोकाला टेकला आणि तिथंच थांबला.

वहिनींनी पेटीच्या पत्र्यावर तळवा ठेवला. शॉक बसेल म्हणून धनराज त्यांचा हात ओढायला पुढं झाला.

त्यांनी हात काढला नाही.

"ऊब आहे," त्या म्हणाल्या. "अंगाची असते तेवढीच."